बेचाळीस नंबरचं टिंब

होळी झाली की आमच्या घरासमोरच्या रस्त्यानं ट्रॅक्टर परत यायला लागतात. मागं दोन-दोन ट्रॉल्या, ट्रॉलीत बाजा, पातेली, पत्र्याच्या पेट्या, डालग्यात कोंबड्या, दोरीला बांधलेलं एखादं शेरडू, आणि या सगळ्या पसाऱ्याच्या वर बसलेली माणसं. दिवाळीला गेलेली असतात ती. पाच-सहा महिने लांबच्या कारखान्यांचा ऊस तोडायचा आणि पाडव्याच्या आत गावी यायचं, अशी आमच्या भागाची रीत. ट्रॅक्टरवर मोठ्यानं गाणी लावलेली असतात. पोरं हात हलवतात. मीही ओट्यावरून हलवतो. ओळख असो-नसो, हात हलवायला काय जातं?

आणि नेमके हेच दिवस परीक्षेचे. मला निवृत्त होऊन सात वर्षं झाली, पण मार्च लागला की पहाटेच डोळे टक्क उघडतात. आमची मंडळी कुशीवर वळून म्हणते, "अहो, पडा की गप. तुमचा काय पेपर हाय का आज?" खरं आहे, माझा पेपर नाही. पण उठून ओट्यावर आलं की समोरच्या लिंबाचा मोहर नाकात शिरतो आणि मी थेट आमच्या कॉलेजच्या पत्र्याच्या हॉलमध्ये जाऊन पडतो. डोक्यावर तापलेले पत्रे कडकड वाजतायत, कोपऱ्यातल्या माठावर ओलं फडकं आहे, टेबलावर पुरवण्या बांधायचे पांढरे दोरे आहेत, आणि शंभर पेनांचा तो कुरकुर आवाज. तो आवाज ज्यानं ऐकलाय त्यालाच कळेल मी काय म्हणतोय ते.

वडवणी सोडून डोंगराकडं निघालं की रस्त्याच्या उजव्या अंगाला आमचं कॉलेज. कॉलेज म्हणजे काय, तर चार खोल्या, एक हॉल आणि एक हापसा. मी तिथं मराठी शिकवायचो. वर्गात निम्मी पोरं ऊसतोडीच्या घरातली. दसरा-दिवाळीपर्यंत वर्ग गच्च भरलेला, आणि दिवाळीची सुट्टी संपवून यावं तर समोर नुसते बाक. आईबाप कारखान्याला निघाले की पोरंही जायची. कुणी कोयता धरायचं, कुणी मोळ्या वाहायचं, कुणी लहान भावंडं सांभाळायचं. परीक्षेचा फॉर्म तेवढा जायच्या आधी भरून जायची. अभ्यास तिकडं, उसाच्या फडात, जमेल तसा.

पहिल्या वर्षी मी हजेरी घ्यायला उभा राहिलो आणि नावामागून नाव घेत गेलो, तर उत्तरच नाही. मग मागच्या बाकावरून एक आवाज आला, "तोडीला, सर!" पुढचं नाव घेतलं. "तोडीला, सर!" असं वीस-बावीस वेळा. ओरडणारा अंकुश. त्याच्या बापाचं बाजारात शिलाईचं दुकान, त्यामुळं हा बारा महिने गावातच. गेलेल्यांच्या वतीनं बोलायचं काम त्यानं आपण होऊन अंगावर घेतलेलं. मी वैतागून विचारलं, "अरे, मग मी लिहू काय यांच्यापुढं? गैरहजर?" तर म्हणतो कसा, "गैरहजर कावून लिवता, सर? ते काय पिक्चरला गेल्यात का? येतेत की होळीला."

मी पेन उचललं आणि नावापुढं टिंब दिलं. नुसतं टिंब. 'ह' नाही आणि 'गै'ही नाही. म्हणजे हे पोर यायचंय. मार्चात पोरं परत आली, दोनतीन आठवडे डोकं खाली घालून बसली, इतरांच्या वह्या उतरवून काढल्या, की मी त्या टिंबांचे 'ह' करून टाकायचो. पंचाहत्तर टक्के हजेरी नसेल तर हॉलतिकीट रोखायचं, असा नियम होता. नियमाला माझं टिंब ठाऊक नव्हतं. पण वर्षानुवर्षं ते चाललं, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा थोडा गर्वही झाला होता. आपण लई दयाळू माणूस, असं मला वाटायचं.

आमच्या पोरांपैकी विष्णू पुढं एका आश्रमशाळेवर मास्तर झाला. अबोल पोरगा. फडावरून परत आला की फुटलेले हात बाकाखाली लपवून बसायचा. मास्तर झाल्यावर मात्र दर मार्चात, पहिल्या पेपरच्या सकाळी, त्याचा मला फोन ठरलेला. "सर, नमस्कार. माज्या वर्गात आवंदा अकरा टिंबं हायत. धा आली. एकाची वाट बघतोय." एवढंच बोलायचा. त्यानंही आपल्या हजेरीपटात टिंबं सुरू केली होती. मी म्हणायचो, "येईल रे." तो म्हणायचा, "येईल, सर." आणि फोन ठेवायचा.

या मार्चात फोन आला नाही. येणार तरी कुठून? दिवाळीच्या तोंडावरच विष्णू गेला. किडन्या गेल्या होत्या, कुणाला सांगितलंच नाही त्यानं. मी माहीत असूनही सकाळी नऊपर्यंत फोन मांडीवर घेऊन बसलो होतो. मंडळीनं पाहिलं. चहा आणून ठेवला तिनं नुसता.

त्याच आठवड्यात कॉलेजातून निरोप आला. आताचे प्राचार्य माझाच विद्यार्थी. "सर, माजी विद्यार्थ्यांचा मेळावा ठेवलाय. जे गेले त्यांना आधी श्रद्धांजली. नावं तुम्हीच वाचा, तुमच्या पद्धतीनं, हजेरी घेतल्यासारखी." आणि मोबाईलवर यादी. सात नावं. पहिलं अंकुशचं, शेवटचं विष्णूचं. यादी मी दोनदा वाचली. मास्तराच्या हातात आपल्या पोरांची अशी यादी येणं, हे काही बरोबर नाही. हे उलटं झालं सगळं. त्यांनी माझं नाव वाचायचं होतं.

अंकुश एसटीत कंडक्टर झाला होता. मी बीडच्या गाडीत चढलो की दारातूनच ओरडायचा, "अय, सरकून बसा रे! सर आल्यात. ह्यांनी मला तीनदा नापास केलंय, जागा द्या त्यांना!" गाडीभर हशा. मी रागावल्यासारखं करायचो. करोनाच्या दुसऱ्या लाटेत चार दिवसांत गेला. आम्ही सगळे दारं लावून घरात. त्याला पोचवायला त्याच्या घरचेसुद्धा धड जाऊ शकले नाहीत. अजूनही गाडीत चढलो की कंडक्टरच्या तोंडाकडं बघतो मी. सवयीला काय कळतंय?

यादी आली त्याच दुपारी शोभाचा फोन. शोभा विष्णूच्या बॅचची, आता गावात आशाताई आहे. कॉलेजात असल्यापासून तोंडानं फटकळ. "सर, यादी बगितली का?"

"बघितली."

"मंगलचं नाव न्हाई त्याच्यात."

मी म्हणालो, "शोभा, ती यादी पदवी झालेल्यांची आहे. मंगलची झाली नव्हती."

"ते ऱ्हाऊ द्या. ती आपल्या वर्गातली हुती का न्हवती, एवडं सांगा."

"होती."

"मंग झालं तर. मी तिच्या मायला घिऊन येनारय. म्हातारीला म्या सांगितलंय, सर तुमच्या लेकीचं नाव घेनारेत म्हनून."

फोन बंद. मी ओट्यावर बसून राहिलो. समोरून ट्रॅक्टर चालले होते. त्यांच्याकडं बघून हात हलवायचं धैर्य त्या दिवशी झालं नाही.

मंगल. रोल नंबर बेचाळीस. द्वितीय वर्ष. उंच, काळीसावळी, वेणी घट्ट. उसाच्या वजनाच्या चिठ्ठ्या असायच्या ना कारखान्याच्या, त्यांच्या कोऱ्या पाठीवर ती नोट्स उतरवून घ्यायची. अशा शंभरेक चिठ्ठ्या एका दोऱ्यात ओवलेल्या. फडात पदराला बांधून ठेवते म्हणायची. एकदा मी वर्गात उसाच्या हिरव्यागार मळ्याचं वर्णन असलेला एक उतारा मोठ्या तालात वाचून दाखवत होतो. वाचून झाल्यावर ही उठली. "सर, ज्यानं हे लिवलंय त्यानं ऊस लांबून बगितलाय." वर्ग खो-खो हसला. मीही हसलो. पण तेव्हापासून तो उतारा मला धड शिकवता आला नाही.

त्या वर्षीचा मार्च मला तासातासानं आठवतो. ऊस लई झाला होता. होळी झाली तरी कारखाने बंद होईनात. तरी एकेक टोळी परत येत गेली, एकेक टिंब मिटत गेलं. विष्णू आला, बाकीचेही आले. फक्त बेचाळीसचं टिंब राहिलं. शोभानं सांगितलं, "सर, मंगलचा किराणा दुकानात फोन आलता. म्हनली, सरांना सांग, माजं टिंब तसंच ठिवा. पेपरला येतेच मी."

मी म्हणालो, "ठेवतो."

म्हणालो मी तसं. आणि दोन दिवसांनी कळलं की तपासणीची समिती येणार. तेव्हाच्या प्राचार्यसाहेबांनी हजेरीपट चाळला आणि कपाळाला आठी घातली. "सर, हे टिंब काय आहे? माणूस हजर असतो नाहीतर गैरहजर. तिसरं काय असतं?" त्यांनी विचारलं तेवढंच. पुसून टाका असंही म्हणाले नाहीत. पेन माझ्या हातात होतं. मला नोकरीची भीती वाटली, हे सरळ सांगतो. आता लपवून काय करायचंय? बाकी सगळे आलेत, एका नावासाठी कुठं अडकून बसायचं, असंही मनात आलं. मी त्या ओळीत टिंबांवरून लाल शाईनं 'गै', 'गै' लिहीत गेलो. शेवटी नावावर आडवी रेघ मारली. तिचं हॉलतिकीट आलेलं होतं. ते उचलून हॉलमधल्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकलं.

समिती आली. चहा घेतला, फरसाण खाल्लं, हापशाचं पाणी गोड आहे म्हणाली आणि गेली. हजेरीपट कुणी उघडलासुद्धा नाही.

पहिल्या पेपरला दहा मिनिटं उरली असताना मंगल आली. बसस्टँडवरून पळत आली असणार, धाप लागलेली. अंगावर आईचं लुगड्यासारखं मोठं पातळ, डाव्या हाताच्या दोन बोटांना चिंधी. छातीशी त्या चिठ्ठ्यांची माळ. "आले, सर," म्हणाली. हसत होती.

मी म्हणालो, "मंगल, तुझी हजेरी भरत नाही."

तिचं हसू तसंच राहिलं, कारण तिला ते कळलंच नाही. "टिंब ठिवलंय ना, सर?"

मी म्हणालो, "पुढच्या वर्षी बस. एका वर्षानं काय बिघडतं?"

घंटा झाली. ती माठाजवळ गेली, तांब्याभर पाणी प्यायली. आत शोभाचं पेन चालेना, ती ते झटकत होती. मंगलनं खिडकीच्या गजातून आपलं पेन तिला दिलं. "चांगलं हाय, नवं हाय," म्हणाली, आणि गेली. तिचं हॉलतिकीट माझ्यापासून हाताच्या अंतरावर, ड्रॉवरमध्ये होतं. उघडायला क्षणभर लागला असता. तीन तास मी त्या ड्रॉवरला टेकून उभा होतो.

एका वर्षानं काय बिघडतं, ते पुढं कळलं. परीक्षा हुकली म्हणून उन्हाळ्यात तिचं लग्न लावून दिलं. दिवाळीला नवऱ्याबरोबर ती तोडीला गेली. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात तिकडं. म्हणजे लग्न झालं की पोरगी अर्धा कोयता होते. तिसऱ्या वर्षी, पोटात सहा महिन्यांचं असताना, डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढत होती. पाय घसरला. दवाखाना लांब होता. दोन्ही जीव गेले. मला हे विष्णूनं सांगितलं, दोन महिन्यांनी. तिचं माहेर आमच्या गावापासून सहा-सात किलोमीटरवर. मी गेलो नाही. काय तोंड घेऊन जायचं होतं? पण पुढच्या वर्षी मी टिंबं पुन्हा सुरू केली आणि निवृत्त होईपर्यंत एकही पुसलं नाही. त्याचा मंगलला काय उपयोग?

मेळाव्याच्या सकाळी मी लवकर गेलो. हॉलवर आता स्लॅब आहे, पंखे आहेत. प्राचार्यांना म्हणालो, "मला त्या वर्षीचा हजेरीपट काढून द्या." कपाटात सापडला. कडा उंदरांनी खाल्लेल्या. पण बेचाळीसची ओळ शाबूत होती, लालभडक. शाई इतकी टिकावी कशाला?

माणसं जमली. पोटं सुटलेली, केस गेलेली, कुणाच्या कडेवर नात. ती माझीच पोरं. तिसऱ्या रांगेत शोभा, आणि तिच्या शेजारी खुर्चीच्या अगदी काठावर एक म्हातारी. डोक्यावर पदर, मांडीवर कापडी पिशवी. कपाळ मंगलचंच. मी तिकडं बघायचं टाळलं.

सगळे उभे राहिले. मी चष्मा लावला आणि पहिलं नाव घेतलं. अंकुश. नाव घेऊन थांबलो, जसा हजेरीत थांबायचो.

आणि मागून आवाज आला, "तोडीला, सर!"

भागवत ओरडला होता. हा अंकुशचा जिगरी दोस्त, गावात खताचं दुकान चालवतो. नाव ऐकलं, उत्तर नाही, आणि पंचवीस वर्षांपूर्वीच्या सवयीनं तोंडातून निघून गेलं. कुणीतरी फिस्सकन हसलं. भागवतनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. मग त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, एवढा दांडगा माणूस. "चुकलं, सर," म्हणाला. जन्मभर दुसऱ्यांसाठी ओरडणाऱ्या अंकुशला कधी कुणी असा आवाज दिला नव्हता. मी म्हणालो, "नाही रे. बरोबर आहे तुझं."

दुसरं नाव घेतलं. एक बाई हळूच म्हणाली, "तोडीला, सर." तिसऱ्याला चार-पाच जण बोलले. विष्णूचं नाव घेतलं तेव्हा सगळा हॉल बोलला. मला पुढचं दिसेना. शर्टाच्या टोकानं चष्मा पुसला.

यादी संपली. प्राचार्य माईककडं निघाले. मी हात वर करून त्यांना थांबवलं आणि हजेरीपट उघडला. "बेचाळीस," म्हणालो. "मंगल."

शोभानं तोंड उघडलं. ती नुसतीच हुंदके देत राहिली. तेव्हा तिच्या शेजारची म्हातारी खुर्चीवरून उठली. आमची रीत तिला कुठली ठाऊक? सगळे काहीतरी उत्तर देतायत एवढं तिनं पाहिलं होतं. तिनं पदर सारखा केला आणि शाळेतल्या पोरीसारखी ताठ उभी राहून म्हणाली, "तोडीला गेलती, सर. तितंच ऱ्हायली."

मी खिशातलं पेन काढलं आणि त्या लाल ओळीच्या शेवटी एक निळं टिंब दिलं. टिंब जरा मोठंच झालं.

म्हातारी रांगेतून वाट काढत टेबलापाशी आली. वहीवर वाकली. तिला वाचता येत नाही, पण लाल कुठलं नि निळं कुठलं ते दिसत होतं. त्या टिंबाच्या शेजारी तिनं बोट टेकवलं.

"हे काय काडलं, सर?"

"टिंब आहे, माय."

"त्यानं काय हुतं?"

"पोरगी यायचीय, असा अर्थ. नाव कापायचं नाही. परीक्षेला बसू द्यायचं."

तिनं मान हलवली. परत एकदा त्या टिंबाकडं नीट पाहिलं. मग माझ्याकडं. आवाजात राग नव्हता. ज्याला माहीत आहे त्याला माणूस विचारतं, तसं तिनं विचारलं.

"मंग तवाच कावून न्हाई दिलं, सर?"

हॉलमध्ये सगळी माझी पोरं उभी होती. उत्तर येत नसलं की ती जशी खाली बघत उभी राहायची, तसा मी त्या वहीकडं बघत उभा राहिलो.